आप्पा लंकेला गेलेच नव्हते म्हणे

नमस्कार मंडळी. धारा काढून झाल्या असतील, चहा हातात असेल, नसेल तर घ्या, कारण आज कागदपत्रांचं बोलायचंय आणि ते चहाशिवाय घशाखाली उतरत नाही. विषय माजी सैनिकांचा आहे पण घरातल्या बायामाणसांनी उठून जाऊ नका, कारण कागद असतात कुठे ते तुम्हालाच माहीत असतं, आमच्या फौजींना फक्त ट्रंकेची किल्ली कुठंय तेवढं माहीत असतं आणि तेही विचारूनच.

मी स्वतः फौजेत क्लार्क होतो. बंदूक चालवली ती रेंजवर, बाकी सगळी नोकरी टाइपरायटरवर गेली. त्यामुळे गावात कुणाचं पेन्शनचं काही अडलं की पिशवी घेऊन माझ्याकडे येतात. तर दोन वर्षांपूर्वी आमचे शेजारी आले, त्यांना आपण आप्पा म्हणू. ड्रायव्हर होते, १९८१ ला भरती आणि १९९८ ला पेन्शन. कान गेलेत, म्हणजे डावा पार गेलाय आणि उजव्यानं मोठ्यानं बोललेलं ऐकू येतं. जाफन्याजवळ रस्त्यात सुरुंग उडाला तेव्हा पुढच्या गाडीचं काय झालं ते आप्पा कधी सांगत नाहीत, आपल्या गाडीची काच फुटली आणि कानात शिट्टी सुरू झाली एवढंच सांगतात. ती शिट्टी अजून चालू आहे म्हणे.

आप्पांना त्या कानाचा क्लेम करायचा होता. मी म्हटलं डिस्चार्ज बुक दाखवा, म्हणजे फौजेतून सुटताना सगळ्या नोकरीची नोंद लिहून देतात ते पुस्तक. प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीवर रबर, रबर वितळून चिकटलेलं. पदकांच्या पानावर सैन्य सेवा मेडल आहे, नऊ वर्षं सेवेचं आहे, स्वातंत्र्याच्या पन्नाशीचं आहे. श्रीलंका कुठेच नाही. मी दोनदा पान उलटलं. आप्पा, तुम्ही लंकेला किती दिवस होता? तर म्हणाले सतरा महिने. आणि पुस्तकाप्रमाणे आप्पा त्या सतरा महिन्यांत हिंदुस्थानातल्या एका पीस स्टेशनला, म्हणजे लढाई नसलेल्या छावणीत, आरामात बसलेले!

तरुण पोरांना कदाचित माहीत नसेल म्हणून थोडं मागचं सांगतो. २९ जुलै १९८७ ला कोलंबोत राजीव गांधी आणि जयवर्धने यांच्या सह्या झाल्या आणि आपली शांतिसेना लंकेत उतरली. गेली शांतता राखायला, पण ऑक्टोबर उजाडेपर्यंत वाघांशी, म्हणजे एलटीटीईशी, सरळ लढाई जुंपली, त्याचं नाव ऑपरेशन पवन. त्यांच्या हातात एके-४७ आणि आपल्या पोरांकडे ती लांबलचक एसएलआर रायफल. २४ मार्च १९९० ला शेवटची तुकडी परत आली तोवर आपले अकराशेहून जास्त जवान गेले होते. ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना २५ नोव्हेंबर १९८७ च्या चकमकीसाठी मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं, जन्म त्यांचा मुंबईचा. पण कारगिलचं जसं घराघरात नाव झालं तसं या लढाईचं झालं नाही, लोक परत आले ते गुपचूप आले, आणि मला वाटतं कागदांची हेळसांड झाली त्याला थोडंफार हेही कारण आहे. कुणी विचारतच नव्हतं ना.

आता ओळ गायब कशी होते ते सांगतो, हे माझ्या धंद्यातलं आहे. पलटणीत माणसाचं जे काही होईल, लग्न झालं, पोरगं झालं, रजेवर गेला, रजेवरून आला, दवाखान्यात पडला, फील्डला म्हणजे मोर्च्यावर गेला, ते सगळं पार्ट टू ऑर्डरमध्ये छापायचं आणि ती ऑर्डर रेकॉर्ड ऑफिसला पाठवायची. तिथं ती बघून शीट रोलमध्ये एक ओळ चढवतात. शीट रोल म्हणजे फौजीची कुंडलीच समजा, आणि डिस्चार्ज बुक भरतात ते त्या कुंडलीवरून. म्हणजे ऑर्डर निघाली नाही तर ओळ नाही, आणि ओळ नाही तर माणूस गेलाच नाही, मग त्याचा कान तिथं गेलेला असो नाहीतर पाय.

आप्पांचं असं झालं की पलटण निघाली तेव्हा ते रजेवर होते. बहिणीचं लग्न होतं. परत आले तर बराकी रिकाम्या, नुसती रिअर पार्टी मागं राहिलेली, सामानाची राखण करायला. रिअर पार्टीच्या क्लार्कनं बरोब्बर ऑर्डर काढली, अमुक जवान रजेवरून हजर. पुढे आठ दिवसांत चौदा जणांना शक्तिमान गाड्यांसकट मद्रासला पाठवलं आणि तिथून जहाजानं पलीकडे. या चौदा जणांची ऑर्डर कुणी काढायची, रिअर पार्टीनं की पुढच्या पलटणीनं? रिअर पार्टीला वाटलं पुढचे काढतील. पुढचे तर गोळ्या खात होते, कोण टाइप करतंय. राहिलं ते राहिलं. मी त्या क्लार्कला शिव्या देणार नाही, त्याच्या जागी मी असतो तरी कदाचित हेच झालं असतं, आणि माझ्या हातूनसुद्धा अशा किती ओळी राहिल्या असतील देव जाणे, रात्री कधी कधी आठवतं.

आप्पांनी याआधी अर्ज केले नव्हते असं नाही. तीन केले होते. तिन्ही मी वाचले. पहिल्या पानावर मातृभूमी, दुसऱ्या पानावर म्हातारपण आणि औषधांचा खर्च, तिसऱ्या पानावर कळावे लोभ असावा. उत्तर तिन्ही वेळा एकच, आपल्या अभिलेखात अशी नोंद आढळत नाही. बरोबरच आहे की! त्यांनी कुंडली उघडली, ओळ दिसली नाही, तसं कळवलं. तुम्ही मला न्याय द्या म्हटल्यावर समोरचा क्लार्क काय शोधणार? त्याला तारीख पाहिजे, युनिट पाहिजे, ऑर्डरचा नंबर पाहिजे. अर्जात रडू नका मंडळी, रडायचं ते घरी, अर्जात तारीख लिहा.

मग आम्ही काय केलं? आधी शीट रोलची कॉपी मागवली. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून अर्ज पाठवता येतो, नाहीतर माहितीचा अधिकार आहे, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, लष्करालाही तो कायदा लागू आहे आणि आपली स्वतःची नोंद मागायला तर काहीच हरकत नाही. कॉपी आली तेव्हा त्यात ती रजेवरून हजर झाल्याची ओळ दिसली, तिच्यानंतर सतरा महिने काहीच नाही, आणि मग एकदम दुसऱ्या रजेची ओळ. आता तुम्हीच सांगा, फौजेत जवान सतरा महिने एका जागी बसलाय आणि त्याची एकही ओळ नाही, ना कॅडर कोर्स, ना रजा, ना दवाखाना, असं होतं का कधी? ते भोक हाच आपला पहिला पुरावा झाला.

दुसरं म्हणजे पत्रं. आप्पा म्हणाले पत्रांवर कुठे लंका लिहिलेलं असतंय, आणि खरंय, पत्ता सगळीकडे सारखाच, मार्फत ५६ एपीओ, मग माणूस लेहला असो की जाफन्याला. आप्पांनी लंकेतलं एक नाणं मात्र छत्तीस वर्षं जपून ठेवलंय, देवाऱ्यात! म्हटलं आप्पा, नाणं काय कुणीही आणतं, पाकिटं कुठायत? तर आतून वहिनी आल्या, काही न बोलता धान्याच्या कणगीमागून एक पुडकं काढलं, जुन्या लुगड्याच्या काठानं बांधलेलं. एकशे अकरा पत्रं, तारखेवार. प्रत्येक पत्रावर फील्ड पोस्ट ऑफिसचा गोल शिक्का, त्यात नंबर आणि तारीख. लोकांना हे माहीत नसतं, पत्ता कुठला ते लपवतो पण शिक्क्यातला नंबर सांगतो, त्यावरून ते टपालघर त्या दिवशी कुठल्या ब्रिगेडबरोबर होतं हे लष्कराच्या टपालवाल्यांना काढता येतं. मी भिंग घेऊन शिक्के वाचत बसलो, आप्पा शेजारी बसून पत्रं वाचत होते, आणि वहिनी म्हणाल्या मोठ्यानं वाचू नका.

तिसरा पुरावा दवाखान्याचा. सुरुंगानंतर आप्पांना मद्रासच्या मिलिटरी हॉस्पिटलात नऊ दिवस ठेवलं होतं. त्यांच्या मेडिकलच्या कागदात तो भरती झाल्याचा दाखला सापडला, पण जागा म्हणून लिहिलेलं काय, तर फील्ड. एवढंच. शत्रूपासून लपवायला लिहिलं आणि लपलं आप्पांपासून.

चौथा पुरावा मात्र पक्का निघाला आणि तो निघाला एका लग्नात. त्या चौदा जणांपैकी एक कोल्हापूरकडचे नाईक भेटले, त्यांच्या पुस्तकात श्रीलंकेचं मेडल चढलेलं होतं! ते नंतर त्याच पलटणीच्या ऑफिसात रनर होते, त्यांनी सुट्टीवर जायच्या आधी हेडक्लार्कच्या मागं लागून स्वतःची ऑर्डर काढून घेतली होती, फक्त स्वतःची, आता याला स्वार्थ म्हणा की हुशारी. त्या ऑर्डरचा नंबर आणि तारीख आम्ही उतरून घेतली. मग नवा अर्ज केला, एक पानाचा. अमुक तारखेच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे पुढे पाठवलेल्या तुकडीत, चौदा जण होते, त्यातल्या एकाची नोंद या नंबरच्या ऑर्डरनं झालेली आहे, त्याच ड्राफ्टमधल्या माझी राहिलेली आहे, युनिटची वॉर डायरी, म्हणजे लढाईतली रोजची नोंदवही, आणि त्या काळातला नॉमिनल रोल, म्हणजे जवानांच्या नावांची यादी, बघून ती करावी. सोबत शिक्क्यांच्या झेरॉक्स, दवाखान्याचा दाखला, त्या नाईकांचं आणि आणखी एका साथीदाराचं प्रतिज्ञापत्र. नुसतं प्रतिज्ञापत्र एकटं टिकत नाही, ते या बाकीच्या कागदांच्या आधारानं उभं राहतं. अर्ज ओआयसी रेकॉर्ड्सच्या, म्हणजे रेकॉर्ड ऑफिसच्या प्रमुख अधिकाऱ्याच्या, नावानं, रजिस्टर पोस्टानं, पावती चिकटवून ठेवली.

मधेच एक सांगतो, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय ना की लंकेला गेलेल्या सगळ्यांना लाखो रुपये मिळणार, आमच्याकडे फॉर्म भरा, ते सोडून द्या. नुसतं लंकेला जाऊन आल्यानं पेन्शन वाढत नाही. नोंद झाली तर मेडल मिळतं, आणि जखम झाली असेल तर ती कुठल्या कारवाईत झाली हे दाखवता येतं, पीस स्टेशनचा अपघात आणि लढाईतली जखम यात अपंगत्व पेन्शनला फार फरक पडतो. आणि उशिरा जाल तर एरियर्स, म्हणजे मागची थकबाकी, तीही जाते, कोर्ट साधारण मागच्या तीन वर्षांपुरतीच देतं. नकार आला तर लष्करी न्यायाधिकरण आहे, मुंबईलाही त्याचं खंडपीठ आहे, अंतिम उत्तर मिळाल्यापासून सहा महिन्यांत जायचं असतं, ती तारीख कॅलेंडरवर लिहा.

ज्यांना पेन्शन नाही, म्हणजे पंधरा वर्षांच्या आत घरी आले, त्यांनी जरा जास्तच घाई करा बरं का. त्यांची कुंडली पंचवीस वर्षांनी नष्ट करतात, नियमच तसा आहे, मागं राहतो तो लाँग रोल, त्यात फार थोडं असतं. आमच्याच आळीत एक आहेत, अकरा वर्षं नोकरी, लंकेत दोन वर्षं, पुस्तक पुरात गेलं, आणि आता तिकडेही काही नाही. त्यांच्यासाठी काय करावं हे मला अजून सुचलेलं नाही. त्यांच्याबरोबर कोण होतं ते शोधतोय, ऐकणाऱ्यांपैकी कुणी ऑक्टोबर १९८८ च्या आसपास त्रिंकोमालीला इंजिनिअरच्या कंपनीत असेल तर आपल्या रेडिओच्या ऑफिसात सांगा.

आप्पांचं उत्तर सात महिन्यांनी आलं. पोस्टमननं आरोळी मारली ती त्यांना ऐकू आली नाही, वहिनींनी सही केली. युनिटनं जुने कागद तपासून ऑर्डर काढली होती, शीट रोलमध्ये ओळ चढली, मेडलची नोंद झाली, आणि डिस्चार्ज बुक दुरुस्तीसाठी पाठवून द्या असं लिहिलेलं. कानाचा क्लेम आता त्याच्या आधारावर गेलाय, तो अजून चालू आहे.

आप्पांनी ते पत्र चष्मा लावून दोनदा वाचलं. मला वाटलं डोळे भरून येतील. तर म्हणाले, बाबूसाहेब, ही तारीख चुकलीय, जहाज नऊ तारखेला लागलं होतं, यांनी अकरा लिहिलीय.

मी म्हटलं आप्पा, दोन दिवस सोडा हो आता.

का सोडू, म्हणाले, पहिली रात्र तर त्यातच गेली. घ्या कागद, लिहा अर्ज.