परटाच्या शेताजवळ यशया काय म्हणाला

(दृश्य: पांढरा घुमट, त्यावर उडणारं पाणी)

हा घुमट जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियममधला. रांजणाच्या झाकणासारखा दिसतोय ना, मुद्दामच तसा बांधलाय, कारण आत जे आहे ते रांजणांतून निघालेलं आहे. १९४७ च्या सुमारास मृत समुद्राच्या काठी कुमरानच्या डोंगरात बेदुइन मेंढपाळ पोरांना एका गुहेत मातीचे रांजण दिसले आणि त्यात कापडात बांधलेल्या चामड्याच्या गुंडाळ्या. समोरची ती काळी भिंत पण लक्षात ठेवा, पांढरा घुमट म्हणजे उजेडाची लेकरं आणि काळी भिंत म्हणजे अंधाराची, हे पण त्याच गुंडाळ्यांपैकी एकीत लिहिलेलं आहे.

(दृश्य: आतला मंद प्रकाश, गोल काचपेटी)

आत अंधारच असतो, डोळे सरावायला वेळ लागतो. मधोमध गोल फिरवून लावलीय ती यशया संदेष्ट्याच्या गुंडाळीची प्रतिकृती, मूळ फार नाजूक आहे म्हणून जपून ठेवतात. चामड्याचे १७ तुकडे एकमेकांना शिवलेले, लांबी ७ मीटर ३४ सेंटिमीटर, ५४ रकाने, आणि यशयाचे सगळेच्या सगळे ६६ अध्याय. वय? येशूच्या जन्माच्या शंभरेक वर्षं आधीची. म्हणजे ज्यू आणि ख्रिस्ती यांच्यातलं शास्त्राच्या अर्थावरचं भांडण सुरू व्हायच्याही आधीची! दुसऱ्या शतकात जस्टिन नावाचे ख्रिस्ती लेखक ज्यूंवर आरोप करत होते की तुम्ही शास्त्रातली अडचणीची वचनं गाळून टाकलीत, पण या गुंडाळीवर तसा संशय दोन्हीकडून कुणालाच घेता येत नाही, कारण ती गुहेत झोपलेली होती.

आता कॅमेरा जवळ नेऊ. सातवा अध्याय, चौदावं वचन. हा शब्द, हा-आल्मा. "ती तरुणी". या एका शब्दावर ज्यू आणि ख्रिस्ती लोक जवळजवळ दोन हजार वर्षं वाद घालतायत.

(दृश्य: जेरुसलेमच्या जुन्या वस्तीचा उतार, दगडी पायऱ्या, दरी)

पण वाद नंतर, आधी गोष्ट, कारण गोष्ट कुणी सांगतच नाही, सगळे सरळ वचनावर उडी मारतात. इसवी सनापूर्वी ७३५ च्या आसपासचा काळ. यहूदाचा, म्हणजे जेरुसलेमचा, राजा आहाज घाबरलेला आहे. उत्तरेकडून अरामचा रसीन आणि इस्राएलचा पेकह हे दोघे राजे एक होऊन त्याच्यावर चाल करून आलेत. वेढा पडणार म्हटल्यावर पहिली काळजी पाण्याची, त्यामुळे असेल कदाचित, आहाज वरच्या तळ्याच्या पाटाच्या टोकाशी उभा आहे, परटाच्या शेताकडं जाणाऱ्या रस्त्यावर. हो, परटाच्या शेताकडं, ग्रंथात इतका बारीक पत्ता दिलाय. तिथं यशया आपल्या लहान मुलाला सोबत घेऊन येतो आणि म्हणतो घाबरू नको, ही दोन धुमसणारी लाकडाची टोकं आहेत, विझतील. हवी तर देवाकडं खूण माग. आहाज म्हणतो, नको, मी देवाची परीक्षा नाही बघणार. मग यशया चिडतो, आणि मग ते वचन येतं, की आल्मा गरोदर आहे किंवा होईल, तिला मुलगा होईल, त्याचं नाव इम्मानुएल म्हणजे देव आमच्यासोबत, आणि त्या पोराला बरं-वाईट कळायच्या आत ज्या दोन राजांची तुला धास्ती आहे त्यांचा मुलूख ओसाड पडलेला असेल.

आणि झालं पण तसं, ७३२ मध्ये अश्शूरच्या फौजांनी रसीनची राजधानी दमास्कस घेतली.

ज्यू वाचकाचं म्हणणं इथंच संपतं. खूण आहाजला दिलीय, आणि ती बाळाच्या वाढण्याच्या हिशेबात दिलेली मुदत आहे. सातशे वर्षांनी जन्माला येणारं बाळ आहाजला काय कामाचं? मग ती तरुणी कोण? अकराव्या शतकातले फ्रान्सचे मोठे भाष्यकार राशी म्हणतात, यशयाची स्वतःची बायको.

ख्रिस्ती बाजूला पण मुद्दा आहे आणि तो कच्चा नाहीये. येशूच्या आधीच, इजिप्तमधल्या ग्रीक बोलणाऱ्या ज्यूंनी यशयाचं भाषांतर केलं तेव्हा आल्मासाठी त्यांनी पार्थेनोस शब्द वापरला, आणि पार्थेनोस म्हणजे सहसा कौमार्य न मोडलेली मुलगी. मत्तयानं शुभवर्तमान, म्हणजे येशूचं चरित्र, लिहिताना तीच ग्रीक ओळ उचलली. ख्रिस्ती लोक म्हणणारच की शब्द तुमच्याच माणसांनी घातलाय. आणि बाईला मूल होणं ही काय खूण झाली, रोज होतं. त्यावर ज्यूंचं उत्तर असं की कुमारिकेसाठी हिब्रूत बतुला हा शब्द आहे, यशयाला तोच म्हणायचं असतं तर तो म्हणाला असता, आणि ग्रीक भाषांतरात तर बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकाच्या ३४ व्या अध्यायात याकोबाच्या मुलीवर, दीनावर, बळजबरी झाल्यानंतर सुद्धा तिला पार्थेनोसच म्हटलंय. दुसऱ्या शतकात अक्विला नावाच्या भाषांतरकारानं तो शब्दच बदलून साधा "तरुणी" केला.

आपल्या मराठी बायबलात "कुमारी" आहे. आता गंमत बघा, शाळेच्या दाखल्यावर पोरीच्या नावाआधी कु. लावतात तेव्हा मास्तर तिच्या शरीराबद्दल काही सांगत नसतात, लग्न झालेलं नाही एवढंच. म्हणजे मराठीनं नकळत दोन्ही दारं उघडी ठेवलीयत, जे इंग्रजीला जमलं नाही. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या नव्या इंग्रजी भाषांतरात "तरुणी" छापलं तर नॉर्थ कॅरोलायनातल्या एका पाद्र्यानं ते पानच जाळलं.

(दृश्य: जिरोना, अरुंद दगडी गल्ल्या, पायऱ्यांवरचं ऊन)

स्पेनमधलं जिरोना. या गल्ल्यांमध्ये रब्बी मोशे बेन नहमान राहायचे, रामबान. जुलै १२६३ मध्ये त्यांना बार्सिलोनाला राजाच्या वाड्यात याच भांडणावर जाहीर वाद घालायला बोलावणं आलं, म्हणजे हुकूमच तो. राजा पहिला जेम्स, अवतीभवती बिशप, सरदार, आणि समोर फ्रा पाब्लो, जे जन्मानं ज्यू आणि आता डोमिनिकन पंथाचे ख्रिस्ती साधू. फ्रा पाब्लोंची युक्ती नवीन होती, ते बायबलच्या बरोबरीनं तालमुदातून, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथातून, वार करत होते, की तुमच्याच रब्बींनी लिहिलंय की जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दिवशी मशीहा, म्हणजे देवानं वचन दिलेला तारणारा, जन्मला, म्हणजे तो येऊन गेला हे तुम्हीच मान्य करता. रामबान म्हणाले, ती कथा मी अक्षरशः धरत नाही, पण धरली समजा, तर तुमचे येशू मंदिर पडायच्या कितीतरी आधी जन्मले, मग ते कसे बसतात यात?

(दृश्य: बार्सिलोना, राजवाड्याची कमान, वरून खाली येणारा शॉट)

या कमानींखाली आम्ही बराच वेळ उभे होतो. रामबाननी राजाला यशयाचाच दुसरा अध्याय दाखवला, तलवारी मोडून नांगराचे फाळ करतील, युद्ध शिकणार नाहीत. आणि म्हणाले, येशूच्या काळापासून आजवर जग लुटालुटीनं भरलंय, आणि महाराज, युद्ध शिकायचं नाही असं ठरलं तर तुमचं आणि तुमच्या या सरदारांचं किती अवघड होईल. राजासमोर, भर दरबारात! शेवटी राजानं ३०० दीनार दिले आणि म्हणाला, चुकीची बाजू इतकी छान मांडणारा माणूस मी पाहिला नाही. अर्थात हे रामबाननी स्वतः लिहून ठेवलंय, लॅटिन नोंदीत ते हरले असंच आहे.

नंतर त्यांना देश सोडावा लागला, तालमुदाची पानं खोडली गेली, आणि १४९२ मध्ये जिरोनातून ज्यू गेले ते गेलेच.

(दृश्य: पुन्हा काचपेटी, ५३ व्या अध्यायाचा रकाना)

बार्सिलोनात हा अध्याय पण निघाला होता. दुःख सोसणारा सेवक, कापायला नेलेल्या कोकरासारखा गप्प. ख्रिस्ती माणसाला यात क्रूस दिसतो आणि खरं सांगायचं तर का दिसतो हे वाचल्यावर कळतं. रामबान म्हणाले, सरळ अर्थ घ्याल तर हा सेवक म्हणजे अख्खी इस्राएल जमात. ही काही त्यांनी ऐनवेळी काढलेली पळवाट नव्हती, तिसऱ्या शतकातल्या ओरिगेन या ख्रिस्ती विद्वानानंच लिहिलंय की ज्यू मला असंच सांगतात. नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात गाझाच्या रस्त्यावर रथात बसलेला इथिओपियाचा एक अधिकारी हेच पान वाचतोय आणि विचारतोय, संदेष्टा हे कुणाबद्दल बोलतोय, स्वतःबद्दल की दुसऱ्या कुणाबद्दल?

(दृश्य: विल्सन कॉलेज, चौपाटी, मग अलिबागकडचा रस्ता, भातखाचरं)

चौपाटीसमोरचं हे कॉलेज ज्यांच्या नावाचं, ते स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले आणि त्यांनी मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं, कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू लोकांसाठी, ज्यांना इथं शनिवार तेली म्हणायचे. हेतू उघड होता, हिब्रू कळली की संदेष्टे वाचतील, संदेष्टे वाचले की येशू सापडेल. बेने इस्राएल हिब्रू शिकले. ख्रिस्ती अगदी थोडे झाले, आणि १८४६ मध्ये मुंबईतच त्यांच्या वल्हांडण सणाचं पुस्तक मराठी अर्थासकट छापून निघालं.

(दृश्य: मलिद्याचं ताट, जवळून)

ख्रिस्ती बायबलात जुना करार मलाखीवर संपतो. परमेश्वराचा मोठा दिवस यायच्या आधी मी एलीया संदेष्ट्याला पाठवीन, एवढं वाचून पान उलटलं की थेट मत्तय, आणि त्यात येशू म्हणतात, बाप्तिस्मा देणारा योहान हाच तो एलीया. ज्यूंच्या तनाखमध्ये, म्हणजे त्यांच्या बायबलात, मलाखीनंतर स्तोत्रं, ईयोब, रूथ असं बरंच काही येतं, शेवट इतिहासाच्या पुस्तकावर. तिथं एलीया अजून यायचाय.

भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, भोवती फळं. अलिबागजवळच्या खंडाळ्यात एलियाहू हनाबी, म्हणजे तोच एलीया, रथातून येऊन गेला असं कोकणातले बेने इस्राएल मानतात, खडकावर चाकाची खूण आहे. घरात काही चांगलं झालं, नवस फेडायचा असला, लग्न ठरलं, की त्याच्या नावानं हे ताट भरतात. आधी गाणं होतं, मग बेराखा म्हणजे आशीर्वादाची प्रार्थना, आणि मग वाटायला सुरुवात, लहान पोरांपासून.

(दृश्य: हात, ताट, गाण्याचा मूळ आवाज. निवेदन थांबतं.)