एवढी कांडी संपू द्या

सन्माननीय अध्यक्ष आणि मित्रहो,

मुक्तपणे काम करणाऱ्या कलावंतांचे घर आणि त्यांच्या व्यावसायिक ओळखी, असा विषय आयोजकांनी मला दिला आहे. गेली २२ वर्षे मी याच नागपूर शहरात, राहत्या घरातल्या एका खोलीत, मुलांच्या पुस्तकांची चित्रे आणि मुखपृष्ठे करते आहे, त्यामुळे या विषयावर बोलण्यासारखे माझ्याकडे पुष्कळ आहे. ओळखींकडे मी येणारच आहे. पण त्याआधी मला तुम्हाला गोळीबार चौकाच्या मागच्या एका घरात न्यायचे आहे, कारण या विषयाची सुरुवात माझ्यापुरती तिथे होते.

माझे आजोळ त्या भागातले. आजीच्या शेजारच्या घरात ओसरीवरच खड्डामाग होता. जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून काका बसत, पायांनी पावड्या दाबत, आणि हाताने दोरी ओढली की आडवे सूत नेणारा धोटा ताण्याच्या उभ्या धाग्यांतून या टोकाचा त्या टोकाला जाई आणि मागोमाग फणीचा ठोका बसे. काकू भिंतीला टेकून चरख्यावर कांड्या, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या सुताच्या नळ्या, भरत, आणि भरलेल्या कांड्या टोपलीत रचून ठेवण्याचे काम माझ्याएवढ्याच त्यांच्या मुलीकडे असे. आम्ही गेलो की काका मान न उचलता म्हणत, "बसा माय, एवढी कांडी संपू द्या." आजी बसत असे. ती कांडी संपायला पाच-सात मिनिटे लागत, आणि तेवढा वेळ कोणीही त्यांच्याशी बोलत नसे. आपला अपमान झाला असे आजीला कधी वाटले नाही, आणि हा माणूस घरीच तर आहे, उठून बोलायला याला काय झाले, असे म्हणण्याचे तर त्या गल्लीत कोणाच्या मनातही येत नसे. ठोका ऐकू येत होता, म्हणजे काम चालू होते, हे वाटेवरून जाणाऱ्यालाही कळत होते.

हे मी लांबण लावून सांगते आहे, कारण घरी बसून केलेल्या कामाला काम मानण्याची रीत या शहराला एकेकाळी होती, असे माझे ठाम मत आहे. ती कशी गेली हे आपण पाहिले पाहिजे. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे सुरू झाली आणि भोंगा वाजला की घराबाहेर पडायचे, म्हणजे काम, हा हिशेब रुजू लागला. त्यानंतर हे शहर कार्यालयांचे होत गेले. १९५६ पर्यंत नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होते. सचिवालय, महालेखापालांचे कार्यालय, रेल्वेची कार्यालये यांत आपल्या आधीच्या दोन-तीन पिढ्यांचे आयुष्य गेले. माझे सासरे सकाळी ठरलेल्या वेळी डबा घेऊन निघत आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी परत येत, आणि त्या जाण्यायेण्याच्या मधल्या वेळाला घरात सगळे 'काम' म्हणत. ते तिथे काय करत होते, हे घरात कोणी पाहिले नव्हते. ते जात होते, एवढे पुरेसे होते. मी कुठे जात नव्हते.

आता माझी तक्रार. 'तुम्ही घरीच असता ना?' हे वाक्य मी गेल्या २२ वर्षांत किती वेळा ऐकले असेल, याची मोजदाद नाही. "वहिनी, घरीच आहात ना? सिलिंडरवाला येऊन राहिला, जरा घेऊन घ्या." पार्सले माझ्याकडे, वरच्या मजल्याची किल्ली माझ्याकडे, शाळेची रिक्षा आली नाही तर बिल्डिंगमधली तीन मुले माझ्याकडे. या सभागृहात ज्यांच्याकडे आज शेजाऱ्यांच्या किल्ल्या आहेत त्यांनी हात वर करावेत, अशी माझी विनंती आहे. बरेच हात दिसतात, आणि त्यातले बहुतेक बायकांचे आहेत. शेजाऱ्यांवर माझा राग नाही. ती माझी माणसे आहेत आणि माझ्या अडीअडचणीला तीच धावून येतात. पण जलरंगाचे काम कसे असते हे एकदा सांगितलेच पाहिजे. आपल्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा कागदावर आकाशाचा पातळ हात फिरवायला घेतला, तर पाव कागद रंगेपर्यंत सुरुवातीची कड वाळलेली असते आणि आकाशाच्या मधोमध रेघ उठते. कूलर लावावा, तर दमट वाऱ्याने कागदाला फुगे येतात. म्हणून उन्हाळ्यात मी पहाटे ५ ते ८ एवढ्याच वेळात रंग लावते. एकदा ओला हात सुरू झाला की तो संपेपर्यंत ब्रश खाली ठेवता येत नाही. बेल वाजली आणि मी उठले, तर दोन मिनिटांचा खोळंबा होत नाही, सबंध चित्र जाते. विणकराच्या ताण्यातला धागा तुटला तर तो गाठ मारून जोडता येतो, माझ्या कागदावरची वाळलेली कड जोडता येत नाही.

याहून मोठा पेच भाद्रपदातला. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी चित्रकाराच्या वर्षाला एक हंगाम मिळाला. आपल्या व्यवसायाला या हंगामाने जगवले आहे, त्याबद्दल मला कृतज्ञता आहे. पण दिवाळीत अंक हाती पडायचा तर चित्रे गणपतीच्या सुमारास द्यावी लागतात, आणि विदर्भात त्याच दिवसांत महालक्ष्म्या बसतात. ज्यांच्या घरी महालक्ष्म्या आहेत त्यांना मी काय सांगू? पुरणपोळ्या, सोळा भाज्या, आंबील, कढी, जेवायला पन्नास माणसे. लग्नानंतरच्या चौथ्या वर्षी, महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या आदल्या रात्री, मी दोन वाजता दार लावून एका कथेचे चित्र करत होते आणि सासूबाई एकट्याच डाळिंब्या सोलत होत्या. सकाळी त्या एवढेच म्हणाल्या, "तू आत काय करतेस ते मला कधी दिसतच नाही." मला ते टोचून बोलणे वाटले. ते अगदी सरळ बोलणे होते, हे कळायला मला वर्ष लागले.

नव्याने या व्यवसायात येणाऱ्यांना सगळेच सांगतात की घरात स्वतंत्र खोली करा, दार बंद करा, वेळ आखा. मीही ते केले होते, आणि माझा अनुभव असा आहे की बंद दारामागचे काम घरच्यांना रुसण्यासारखे दिसते. मला ओसरीवरचा माग आठवला आणि मी टेबल उचलून बैठकीच्या खोलीत, खिडकीपाशी आणले. पहिले काही दिवस अवघड गेले. मग सासूबाई शेजारी बसून पाहू लागल्या. एका हातात आकाश रंगवायला घेतले की मी चाळीस मिनिटे मान वर करत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. ओळ माझ्या आजीच्या शेजाऱ्यांची, मी त्यांना सांगितलेली, पण एके दिवशी दारात आलेल्या बाईंना त्यांनीच सांगितले, "बसा, तिची एवढी कांडी संपू द्या." आमच्या घरात आता कांडी हे माप आहे. मुलगी शाळेतून आली की विचारते, "आई, किती कांड्या राहिल्या?" मी 'एक' म्हटले तर एकच असली पाहिजे, हा नियम मी पाळते, कारण तो मोडला तर पुढच्या वेळी तिने माझ्यावर विश्वास का ठेवावा? दिवेलागणीनंतर कांडी नाही, हाही नियम आहे, आणि दिवाळी अंकांच्या हंगामातही तो मी मोडत नाही. त्यापायी दरवर्षी दोन-तीन कामे सोडावी लागतात.

या आठवणीतली एक गोष्ट मात्र मला सलते. त्या काकू दिवसभर कांड्या भरत, त्यांची मुलगी टोपली लावत असे, आणि मजुरी लुगड्यागणिक काकांच्या नावावर मांडली जाई. काकूंच्या कांड्या कोणत्याच वहीत नव्हत्या. घर आणि काम एकत्र नांदतात असे आपण कौतुकाने म्हणतो तेव्हा ते कोणाच्या बिनहिशेबी श्रमावर नांदतात, हे विचारले पाहिजे. माझी पार्सले बांधणे, पावत्या लावणे, कुरिअरवाल्याला फोन करणे हे आज सासूबाई पाहतात. प्रत्येक कामाच्या रकमेतला ठरलेला भाग दर महिन्याला त्यांच्या खात्यात जातो. पहिल्यांदा त्यांनी तो घेण्यास नकार दिला होता. मी वही उघडून त्यांच्या नावाचे पान दाखवले, तेव्हा त्या बराच वेळ ते पान पाहत राहिल्या.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. दहा मिनिटे उरली आहेत आणि ओळखींचा विषय अजून सुरूच झालेला नाही. मी घाईने बोलते, आपण सांभाळून घ्यावे.

त्याच विणकराकडे पुन्हा यावे लागेल. सूत देणारा इतवारीतला व्यापारी आणि माल घेणारा व्यापारी एकच होता. काकांना बाजारातला दुसरा माणूस माहीत नव्हता, म्हणून भाव त्याचा आणि मुदतही त्याची. माझेही सहा वर्षे तसेच झाले. माझे जवळजवळ सगळे काम परगावच्या एकाच प्रकाशनसंस्थेकडून येत होते. एका पुस्तकाच्या चित्रांचे पैसे १४ महिन्यांनी आले आणि मी एकदाही जोर देऊन मागितले नाहीत, कारण मागितले तर पुढचे काम जाईल ही भीती होती. पुढे तिथले संपादक नोकरी सोडून गेले आणि एका महिन्यात माझा माग थांबला. त्या वेळी मुलगी दोन वर्षांची होती.

अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात, ओळखीतून नवी नोकरी मिळालेल्या लोकांना तो ओळखीचा माणूस त्या काळात किती वेळा भेटत असे, हे विचारल्याचे नोंदवले आहे. नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून काम मिळालेले १०० पैकी जेमतेम १७ निघाले. बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्यांकडून मिळाले. कारण साधे आहे. जवळच्यांना जे माहीत असते ते बहुधा आपल्यालाही माहीत असते. नवी बातमी दुसऱ्या वर्तुळातून येते. मराठीत यासाठी 'तोंडओळख' हा नेमका शब्द आहे आणि आपण तो उगीच कमीपणाने वापरतो. तोंडओळख राखायला फार वेळ लागत नाही, म्हणून ती संसारी माणसाच्या आवाक्यातली आहे. वर्षातून दोनदा मी विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईला जाते आणि दोन दिवसांत आठ-दहा जणांना भेटते, तेही काम न मागता, नवी चित्रे दाखवून. छापखान्यात मुखपृष्ठाचा पहिला छापील कागद निघतो तेव्हा मी स्वतः उभी राहते; कोणते पुस्तक कोणाकडे छापायला आले आहे, हे मुद्रकाइतके कोणालाच ठाऊक नसते. आणि जे काम मला कांड्यांच्या हिशेबात बसत नाही ते मी नाकारून थांबत नाही, दुसऱ्या चित्रकाराचे नाव सुचवते. मुलीच्या जन्मानंतर मी अशी चार कामे अमरावतीच्या एका तरुण चित्रकर्तीकडे पाठवली होती. माझा माग थांबला तेव्हा पहिले काम तिच्या ओळखीतून आले.

ओळख मात्र कागदाची जागा घेऊ शकत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातले कलम १७ प्रत्येक चित्रकाराने वाचावे. मोबदला देऊन काढवून घेतलेल्या चित्राच्या कॉपीराइटचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ते काढवून घेणारा ठरतो. तेव्हा करार आधी, ब्रश नंतर. हक्क देताना कलम १९ प्रमाणे तो लेखी द्यावा लागतो, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे, प्रदेश लिहिला नसेल तर भारत, असे धरले जाते. आपले नाव चित्राखाली असावे हा कलम ५७ चा हक्क तर हक्क विकल्यानंतरही आपलाच राहतो. लहान व्यावसायिक म्हणून उद्यम नोंदणी केली असेल तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडची मुदत करारातही घालता येत नाही, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते. व्याज मी आजवर मागितलेले नाही. बिलाच्या तळाशी ते एक वाक्य छापलेले असते, आणि त्या १४ महिन्यांसारखी वेळ त्यानंतर माझ्यावर आलेली नाही.

मी वापरते त्या करारपत्राच्या ४० प्रती मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. मुदत, प्रदेश आणि नाव ही तीन कलमे लाल पेन्सिलीने अधोरेखित केली आहेत. रकमेची जागा कोरी आहे, ती तुम्ही भरायची आहे. प्रती कमी पडल्या तर दाराशी बसलेल्या माझ्या सासूबाईंकडे आपला पत्ता लिहून द्यावा, त्या टपालाने पाठवतील.