मालगुंडच्या ओटीवर

मंडळी, गणपतीपुळ्याला तुमच्यापैकी बरेच जण जाऊन आले असतील. दर्शन झालं, पाय भिजवले, गाडी परतीला लागली. तिथून अगदी जवळ मालगुंड आहे. 1866 साली तिथल्या शाळामास्तरांच्या घरी कृष्णाजी केशव दामले जन्माला आले, म्हणजे आपले केशवसुत. ते घर जपलेलं आहे. कोकण मराठी साहित्य परिषदेनं, मधु मंगेश कर्णिकांच्या पुढाकारानं, तिथं स्मारक उभं केलं आणि 1994 साली कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मनात एकच होतं, केशवसुतांचं काहीतरी डोळ्यांनी बघायचं. कारण ह्या माणसाचा एकही फोटो आपल्याकडे नाही. पुढच्या कवींची छायाचित्रं आणि कविता तिथल्या दालनात आहेत, आणि ज्यानं आधुनिक मराठी कवितेची वाट पाडली त्याचा चेहरा मात्र कुणाला ठाऊक नाही! म्हणून मी त्या घरात जरा जास्तच शोधत फिरलो. ओटी पाहिली, माजघर पाहिलं. मुलगा इथंच रांगला असेल, ह्याच उंबऱ्याला अडखळला असेल, असं मनात येत राहिलं.

पण खरं सांगायचं तर ते मालगुंडात फार राहिलेच नाहीत. दामल्यांचं बिऱ्हाड पुढे दापोलीजवळच्या वळण्याला गेलं. मग शिक्षणासाठी खेड, बडोदा, वर्धा, नागपूर, पुणे. मॅट्रिक व्हायला 1889 उजाडलं. त्यानंतर नोकऱ्या: मुंबई, खानदेशात फैजपूर, शेवटी धारवाड. 1905 साली हुबळीला प्लेगनं गेले, तेव्हा वय होतं 39. घर असं कुठं टिकलंच नाही. आणि ह्याच माणसानं लिहिलं आहे:

गोष्टी घराकडिल मी वदता गड्या रे!
झाले पहा कितिक हे विपरीत सारे!
आहे घरासचि असे गमते मनास,
ह्या येथल्या सकल वस्तु उगीच भास!

कॉलेजात ही कविता मी वृत्तासाठी पाठ केली होती. वसंततिलका, त भ ज ज ग ग, संपलं. तिसऱ्या ओळीतला तो ‘घरासचि’ मला ओटीवर बसल्यावर ऐकू आला. घरासचि, म्हणजे घरीच. मित्राशी बोलता बोलता माणूस घरी पोचलेला आहे, आणि ज्या खोलीत बसलाय ती खोटी वाटू लागली आहे. ‘तुतारी’ आपण भाषणांत फार वापरतो. जुन्या रूढींवर तुटून पडणारे केशवसुत आपल्याला पाठ आहेत. नैऋत्येच्या वाऱ्याशी बोलणारे, घराच्या आठवणीनं कासावीस झालेले केशवसुत मात्र आपण मागे टाकले. मला ते जास्त जवळचे वाटतात. ज्याला सोडून आलेलं घर इतकं दिसतं, त्यालाच जुनं जाळायला सांगताना काय मोल द्यावं लागतं, हे कळत असणार.

दुसऱ्यांदा मी श्रावणात गेलो, बरोबर अकरावीची मुलं होती. पागोळ्या गळत होत्या. एका मुलीनं ही कविता मोठ्यानं वाचली. तिचे आईवडील मुंबईला, ती इथं आजीकडे. चौथ्या ओळीशी ती थांबली. कुणीच काही बोललं नाही. मग मागचा एक मुलगा म्हणाला, “सर, परत वाचू दे तिला.”