रेघ कुठं टेकते?

(कोल्हापुरात प्राथमिक शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पत्रिकेवर तीन प्राणी छापलेत: रंग बदलणारा घोयरा सरडा, खवले मांजर आणि देवगांडूळ. वेळ ४० मिनिटं. मी घोयऱ्यापाशीच अडकणार, हे संयोजकांनी आधीच ताडलंय. समोर घड्याळ ठेवलंय बघा.

माझं म्हणणं एवढंच, की प्राण्याच्या चित्रात अवयवाला त्याच्या नावाशी जोडणारी रेघ कुठं टेकली ते आधी बघा. मुलानं किती पाहिलं, ते तिथं कळतं. आपल्याकडं काय होतं? चित्र झालं, रंगवून झालं, घंटेला पाच मिनिटं उरली की बाई म्हणतात, "चला, आता नावं द्या." मग रेघा एकमेकींना छेदतात, कुणाची हवेतच संपते, कुणी बाणाचं टोक असं ठसठशीत काढतं की सरड्याचा डोळाच त्याखाली गडप. आणि त्या झेरॉक्स! बाह्याकृती तयार, नावंही छापलेली. पोरानं करायचं काय? हिरवा खडू घासायचा. त्यावर आपण ‘छान’ असा शेरा मारायचा.

उलटं करून बघा. कागद आडवा धरा, उजवीकडं ६ सेंटिमीटर समास सोडा. त्यात सहा नावं आधीच एकाखाली एक लिहून घ्या: शिरस्त्राण (म्हणजे डोक्यावरचा उंचवटा), डोळा, जीभ, पुढचा पाय, मागचा पाय, शेपूट. मग घोयऱ्याचा फोटो दाखवा आणि पहिली पाच मिनिटं पेन्सिल खाली. नुसतं बघायचं, मोजायचं. फोटो बाजूनं घेतलेला हवा, कारण घोयऱ्याचं अंग दोन्ही बाजूंनी चपटं असतं. समोरून काढायला गेलं की काडीच दिसते. आणि फोटो आपल्याकडच्याच जातीचा घ्या. मोबाइलवर पहिला सापडेल तो बहुधा परदेशी असतो. त्यातला तीन शिंगांचा आफ्रिकेतला. तो दाखवलात की वर्गभर शिंगं उगवली म्हणून समजा.

आता पाय. मुलं हमखास माणसाचा पंजा काढतात. घोयऱ्याच्या बोटांचे दोन जुडगे असतात. पुढच्या पायाला आत तीन, बाहेर दोन. मागच्या पायाला आत दोन, बाहेर तीन. पट्टी घ्या हातात. हो, तुम्हीच! अंगठा आणि पहिली दोन बोटं एका बाजूला, उरलेली दोन दुसऱ्या बाजूला, आणि धरा घट्ट. मागच्या रांगेतले सर, दुसऱ्या हाताची मदत नको. हे केल्यावर पोरगं पाय चुकत नाही. तरी शेजारी ४ सेंटिमीटरचं वर्तुळ काढून त्यात एक पाय मोठा काढायला लावा. नुसतं ‘बोटं’ चालणार नाही, ‘आतली ३’, ‘बाहेरची २’ असं लिहायचं.

डोळ्याला पापण्यांचे केस काढतात, तेही थांबवा. पापणी जुळून शंकूसारखी झालेली असते, मधे बारीक भोक. रेघ त्या भोकावरच टेकली पाहिजे. रंगाबद्दल एकच सांगतो: हिरव्या पानावर हिरवा, मातीवर तपकिरी, असं शिकवू नका. रंग बदलण्यामागं मुख्यतः ऊन-गारवा, भीती, दुसऱ्या घोयऱ्याला दिलेली धमकी असली कारणं असतात.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं.

खवले मांजर. खवले कौलांसारखे, पुढचा मागच्यावर चढलेला. म्हणून मानेकडून शेपटीकडं काढत जायचं. शेपटीकडून सुरुवात केली की खोडरबर संपतो. पोटावर खवले नाहीत. तोंडात दात नाहीत, त्यामुळं ‘दात’ हे नाव यादीत मुद्दाम घाला आणि रेघ कुठं जाते बघा. पुढच्या पायांची नखं लांब, वारुळं फोडायला.

देवगांडूळ. हा बेडकाच्या वर्गातला, उभयचर. पाय नाहीत, अंगावर वळ्या. पण जबडा आहे, दात आहेत, कणा आहे. नावं चारच द्या: डोळा, नाकपुडी, वळी आणि डोळा-नाकपुडीच्या मधली बारीक स्पर्शिका. ती मुलांकडून सुटतेच, म्हणून डोकं शेजारी तिप्पट मोठं करून, वेगळं काढायला सांगा.

गुण दहा. रेघ नेमकी टेकली त्याला सहा, मोजणीला दोन, चित्राला दोन. रंगाला शून्य. पालक तक्रार घेऊन आले, तर वही उघडून ज्या रेघा चुकल्यात त्यांवर बोट ठेवा. प्रश्न आता चहाच्या वेळी विचारा.