वॉशिंग मशीन घ्यायच्या आधी डाळ शिजती का ते बघा

नमस्कार मंडळी. परवा आमच्या वन्संचा फोन आला, औशाहून लातूरला आल्या होत्या, म्हणल्या वहिनी आम्ही गोलाईच्या बाजारात वॉशिंग मशीनच्या दुकानात उभे आहोत, दुकानदार म्हणतोय फ्रंट लोडच घ्या, पुढनं दार असलेली, ह्यांचं म्हणणं टॉप लोड, वरनं कपडे टाकायची, तुम्ही सांगा काय घेऊ. मी म्हणलं वन्सं, आधी एक सांगा, तुमच्या बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजती का? त्या जरा थांबल्या, म्हणल्या नाही हो, कुकरच्या सात-आठ शिट्ट्या कराव्या लागतात, पिण्याचं आरोचं पाणी घालते तेव्हा कुठं शिजती. म्हणलं मग दुकानातनं निघा, घरी चहाला या, मशीन काय उद्या पण मिळंल.

आज तेच सांगायचंय, जे त्यांना चहा पिता पिता सांगितलं. मशीनचे व्हिडिओ तुम्ही शंभर बघितले असतील, त्यात कंपनी, किलो, इन्व्हर्टर मोटार, स्टीम, ॲप सगळं असतंय, पण पाण्याबद्दल कुणी बोलत नाही. पुण्या-मुंबईत बसून केलेल्या व्हिडिओत नळ सोडला की पाणी येतंय. आपल्याकडं तसं नाही ना. आपल्याकडं पाणी किती, कसलं आणि किती उंचावरनं येतंय ह्यावर मशीन ठरवायची, बाकीचं सगळं नंतर.

तर आधी कसलं. डाळ शिजत नाही म्हणजे पाणी जड. जड म्हणजे त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार जास्त. मराठवाड्यात खाली सगळा काळा बेसाल्ट खडक, पाणी त्याच्या भेगांतनं मुरत मुरत खाली जातं आणि क्षार घेऊनच आपल्या बोअरमध्ये येतं. घरी तपासायचं असेल तर सोपं आहे, पाण्याची छोटी बाटली अर्धी भरा, अंगाच्या साबणाचा थोडा चुरा टाका आणि जोरात हलवा. वर मस्त फेस उभा राहिला तर पाणी हलकं, फेस न येता सगळं दुधाळ झालं आणि कडेला साका धरला तर जड. डिटर्जंट पावडर नका वापरू ह्याला, तिचा फेस जड पाण्यात पण येतो, कळणार नाही. आणि आरोवाला ते पेनासारखं मीटर बुडवून जो टीडीएस सांगतो तो वेगळा, त्यात सगळेच विरघळलेले क्षार आले, जडपणा वेगळा तपासायचा. पिण्याच्या पाण्याचं जे भारतीय मानक आहे, आयएस १०५००, त्यात जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालंल असं म्हणलंय. लॅबमध्ये पाणी दिलं तर हा आकडा तुम्हाला मिळतो, घरचं बोअर असेल तर एकदा काढूनच घ्या.

आता ह्याचा मशीनशी काय संबंध, तर माझंच सांगते. आमची पहिली मशीन फ्रंट लोड होती, मोठ्या हौसेनं घेतली, सासूबाईंच्या साड्या, पोरांचे युनिफॉर्म सगळं गरम पाण्यात टाकायचे मी, ६० डिग्रीला, वाटायचं स्वच्छ निघतंय. दोन वर्षांत पाणी गरम होणं बंद. मेकॅनिकनं मागचं झाकण खोलून हीटर बाहेर काढला आणि माझ्या हातात दिला. बोटाएवढा वाकडा नळा, त्याच्यावर पांढरा खरबरीत थर, भिंतीच्या चुन्यासारखा. नखानं खरवडलं तर पापुद्रा निघाला, आणि त्याच्याखाली हीटर चिरलेला. जड पाणी तापलं की त्यातला कॅल्शियम असा थर होऊन बसतो, मग हीटरची उष्णता पाण्यात जायलाच जागा राहात नाही, आतल्या आत तापून तो जळतो. गिझरमध्ये पण हेच होतं, बादलीतल्या कॉईलवर तर आपण रोज बघतोच की. पण मशीनमधलं दिसत नाही म्हणून लक्षात येत नाही, आणि मला विकताना कुणी एका शब्दानं सांगितलं नव्हतं, त्याचं मला आजपण वाईट वाटतं.

[इथे हीटरचा फोटो जवळून]

दुसरं, उंची. सगळ्यात वरचा मजला सोडून बाकी फ्लॅटवाल्यांनी हे सोडून दिलं तरी चालंल, पण ज्यांचं स्वतःचं घर आहे, टाकी स्लॅबवर नुसती विटांवर ठेवलीय आणि मशीन त्याच्याच खालच्या मजल्यावर बाथरूमबाहेर आहे, त्यांनी नीट ऐका. पाण्याचं प्रेशर उंचीवर असतं, १० मीटर उंचीला साधारण १ बार, बार म्हणजे प्रेशर मोजायचं माप. तुमच्या टाकीपासून मशीनच्या तोटीपर्यंत १० फूट अंतर असलं तर ते झालं ३ मीटर, म्हणजे प्रेशर ०.३ बार, आणि पाइप जुना, आतनं क्षारानं भरलेला असला तर त्याहून कमी. मशीनच्या पुस्तकात वॉटर प्रेशरचा आकडा दिलेला असतो, बऱ्याचदा मेगापास्कलमध्ये, तर ०.०५ लिहिलं असेल तर समजायचं अर्धा बार, म्हणजे ५ मीटर उंची पाहिजे, सोळा-साडेसोळा फूट. दुकानात हे पुस्तक उघडून बघायला मागा, लाजू नका, पैसे आपले आहेत. प्रेशर कमी असलं की मशीन पाणी भरत बसती, भरत बसती, आणि शेवटी टूं टूं करून एरर दाखवून उभी राहती, लोक म्हणतात मशीन खराब निघाली.

घरी बघायचं असेल तर एक लिटरची बाटली मशीनच्या तोटीखाली धरा आणि मोबाइलमध्ये सेकंद मोजा. पाच-सहा सेकंदात भरली म्हणजे मिनिटाला १०-१२ लिटर, उत्तम. पंधरा-वीस सेकंद लागले तर एक तर टाकी लोखंडी स्टँडवर उंच करा, नाहीतर छोटा प्रेशर पंप बसवा, त्याचा खर्च मशीनच्या किमतीत धरूनच हिशोब करा.

आणि तिसरं, किती. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं आमच्या लातूरला पाणी आलं होतं, पहिल्या गाडीत १० वॅगन, ५ लाख लिटर. ज्यांनी ते दिवस काढलेत त्यांना घागरीचा हिशोब शिकवावा लागत नाही. तर घागरीतच सांगते. सात किलोची टॉप लोड मशीन एका धुण्याला साधारण १०० ते १५० लिटर पाणी घेती, १५ लिटरची घागर धरली तर सात ते दहा घागरी. फ्रंट लोड ५०-६० लिटरमध्ये भागवती, चार घागरी. सेमी ऑटोमॅटिक म्हणजे दोन टबांची, धुवायचा वेगळा, पिळायचा वेगळा, तिचं पाणी तुमच्या हातात, तिला आकडा असा नाही, पण त्याच एका टबातल्या साबणाच्या पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत, मग शेतावरचे आणि शेवटी पायपुसणी असं चार वेळा धुता येतं, हे दुसऱ्या कुठल्या मशीनमध्ये जमत नाही. आमच्या माहेरी टँकरच्या पाण्यावर असंच चालायचं.

मग घ्यायचं काय? तुमचं पाणी जड बोअरचं, टाकी स्लॅबवर, नाहीतर उन्हाळ्यात टँकर, तर सेमी ऑटोमॅटिक घ्या, आणि ती घेतली म्हणून आपण काही कमी घेतलं असं अजिबात वाटून घेऊ नका. तिला हीटर नाही, प्रेशरची गरज नाही, बादलीनं पाणी ओतलं तरी चालती, लाइट गेली तर कपडे कुलूप लागून आत अडकत नाहीत, आणि दुरुस्ती तालुक्याच्या गावी होती. कष्ट आहेत, कपडे ह्या टबातनं त्या टबात टाकावे लागतात, सासूबाईंचा खांदा दुखत असेल तर ते बघा. एक मात्र करा, बऱ्याच सेमी मशीन खालनं उघड्या असतात, उंदीर आत शिरून वायरी कुरतडतात, तर घेतल्या घेतल्या खाली जाळी ठोकून घ्या.

फ्लॅट आहे, टाकी उंचावर आहे, पाणी धरणाचं आहे, मग नळ आठवड्यातनं एकदा का येईना पण साठवणूक चांगली आहे, तर फ्रंट लोड. पाणी सगळ्यात कमी लागतं आणि धुती पण छान. टॉप लोडचं म्हणाल तर माझं मन तिच्याकडं कमी जातं ते फक्त पाण्यामुळं. ज्यांना खाली वाकायचं होत नाही, गुडघे धरलेत, आणि पाण्याची चिंता नाही, त्यांनी खुशाल घ्यावी, वाईट नाही.

किलो म्हणजे कोरड्या कपड्यांचं वजन बरं का. चार माणसांना सहा-सात किलो बास होतंय, एकत्र कुटुंब असलं तर आठ-नऊ. गोधडीसाठी म्हणून मोठी मशीन घेणार असाल तर नका घेऊ, आपली हातानं शिवलेली वाकळ पाणी पिली की इतकी जड होती की स्पिनमध्ये ड्रम एका बाजूला ओढला जातो, मशीन अख्खी घरभर नाचती, बेअरिंग जातं. वाकळ अंगणात पायानं तुडवूनच धुवायची. पैठणी, हिमरू हे तर मशीनजवळ पण न्यायचं नाही.

आता वापरताना. ड्रम गच्च भरू नका, कपडे टाकल्यावर वरती उभा तळहात सहज आत गेला पाहिजे. फ्रंट लोडला तिचीच कमी फेसाची पावडर, साधी टाकली की फेसानं मशीन धुवायचीच थांबती. पाणी जड आहे म्हणून आपण पावडर वाढवत जातो, मी पण वाढवायचे, पण न निघालेली पावडरच कपड्यात बसती आणि ते वाळल्यावर पापडासारखे कडक होतात. सेमीमध्ये असं करा, पाणी भरलं की आधी दोन चमचे धुण्याचा सोडा टाका, दहा मिनिटं थांबा, म्हणजे क्षार सोड्याशी लागून खाली बसतात, मग पावडर टाका, नेहमीपेक्षा कमी लागंल. रेशीम आणि लोकर असेल तर सोडा नाही. ऑटोमॅटिकमध्ये मी सोडा टाकत नाही, तो गाळ आतच राहतो.

खिसे. ह्यावर मी घरात रोज ओरडते. आमच्या मामंजींच्या सदऱ्यात एकदा चुन्याची डबी राहिली, तंबाखूची पुडी वेगळी, सगळे पांढरे कपडे तपकिरी झाले आणि तंबाखूचा चोथा पंपाच्या जाळीत जाऊन बसला. फ्रंट लोडला खाली कोपऱ्यात एक छोटं दार असतं, त्यात ती जाळी. महिन्यातनं एकदा खाली ताट ठेवून हळूहळू फिरवून काढा, पाणी सांडतंच. पावसाळ्यात रानातनं आलेल्या कपड्यांची काळी माती आधी वाळू द्या, झटका, ब्रश मारा, मगच मशीन, ओली तशीच टाकली तर गाळ आत.

दुसरी जाळी मागं असती, ही बहुतेकांना माहितीच नसती. हे बघा, तोटी बंद केली, पाइप हातानं फिरवून काढला, आत ही नखाएवढी जाळी दिसायलीय ना, पक्कडीनं अलगद ओढायची. ही बघा, सगळी वाळू आणि पांढरे खडे. जुन्या टूथब्रशनं घासली, वाटीत लिंबूसत्व कालवून त्यात अर्धा तास ठेवली की नव्यासारखी. पाणी भरत नाही म्हणून येणाऱ्या कितीतरी तक्रारी इथंच संपतात, मेकॅनिकची व्हिजिट वाचती.

[जाळी कॅमेऱ्यासमोर, बोटावर]

तेच लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानात मिळतं. फ्रंट लोडच्या रिकाम्या ड्रममध्ये १०० ग्रॅम टाकून ६० डिग्रीवर एकदा चालवायची, दोन-तीन महिन्यांनी, हीटरवरचा थर सुटतो. आधी पुस्तकात कंपनीनं काय सांगितलंय ते वाचा, आणि त्याच्याबरोबर ब्लीच कधीच टाकू नका, त्यातनं विषारी क्लोरिन वायू निघतो. बाकी रोज थंड पाण्यावरच धुवा. गरमच पाहिजे असेल तर एप्रिल-मेमध्ये आपल्या काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी बघा की, हात घालवत नाही. त्यात धुतलेल्या तेलकट कॉलर छान निघतात, एक पैसा लाइट लागत नाही.

लाइटवरनं आठवलं, हे महत्त्वाचं. फ्रंट लोडचा हीटर साधारण २००० वॅटचा असतो, तिला १६ अँपिअरचं मोठं सॉकेट पाहिजे, एक्सटेन्शन बोर्डवर लावू नका. आणि अर्थिंग. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळती, अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत होतो, मग अर्थिंग नावालाच राहतं आणि ओल्या हातानं मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात. झिणझिण्या आल्या तर मशीन बंद करा, इलेक्ट्रिशियनला बोलवा, चप्पल घालून धुवायचं हा उपाय नाही. फेब्रुवारीपासून त्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओतत जा.

ते पाणी मशीनचंच वापरा. फ्रंट लोड पंपानं पाणी बाहेर टाकती, तिचा पाइप उचलून बाहेर ठेवलेल्या पिंपात सोडता येतो, शेवटच्या खळबळण्याचं पाणी संडासाला, अंगण धुवायला सगळं होतं. सेमी आणि बऱ्याच टॉप लोडचं पाणी मात्र आपोआप उताराला जातं, त्यांचा पाइप वर उचलला तर पाणी आतच राहतं, म्हणून अशी मशीन विटांच्या ओट्यावर ठेवायची आणि खाली टप.

वन्संनी शेवटी सेमीच घेतली, साडेआठ किलोची, आणि ओटा पण बांधून घेतला. तुमच्या घरी पाणी नळाचं का बोअरचं, टाकी मशीनपासून किती फूट वर, आणि बाटली किती सेकंदात भरली, एवढं खाली लिहा, मी एकेकाला उत्तर देते.