समुद्र मागे हटला तिथे: कुशादासीच्या आसपासची जुनी शहरं

तुर्कस्तानात कुशादासीला जाणारे बहुतेक जण दोनच गोष्टींसाठी जातात: एजियन समुद्र आणि एफेसस या प्राचीन शहराचे अवशेष. क्रूझ धक्क्याला लागते, बाहेर बस उभी असते, दुपारपर्यंत एफेसस उरकून मंडळी परत. माझं म्हणणं एवढंच, की एफेसस नंतर पाहा. आधी प्रिएने या दुसऱ्या जुन्या शहराला जा.

का, ते सांगतो. या भागात मेंदेरेस नावाच्या दोन नद्या आहेत, एक थोरली, एक धाकटी. शतकानुशतकं दोघी गाळ आणत राहिल्या आणि समुद्राला मागे रेटत राहिल्या. एफेसस, मिलेटस ही एके काळची बंदरं. आज दोन्ही समुद्रापासून काही किलोमीटर आत आहेत. आपल्या सोपाऱ्याची खाडी गाळाने भरली, तसंच हे, पण फार मोठ्या प्रमाणावर. नकाशात हे नीट कळत नाही. प्रिएनेच्या डोंगरउतारावर अथेना या ग्रीक देवीच्या देवळाचे पाच खांब पुन्हा उभे केलेत, त्यांच्यापाशी जाऊन खाली बघा. कापसाची शेतं पार क्षितिजापर्यंत पसरलेली दिसतात. तिथे आखात होतं.

प्रिएने तसं लहान गाव. अलेक्झांडरने अथेनाच्या देवळाला देणगी दिली; तसा शिलालेख आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. बंदर बुजलं, व्यापार आटला, आणि मग रोमनांनाही इथे मोठमोठी बांधकामं करावीशी वाटली नाहीत. नदीने गाव मारलं म्हणूनच त्याचा ग्रीक साचा टिकला: काटकोनात छेदणारे रस्ते, सभागृह, नाट्यगृहात मान्यवरांसाठी संगमरवरी खुर्च्या. बसून बघा, पाठीला बऱ्या आहेत.

तिथून मिलेटस जवळच. थेल्स या ग्रीक तत्त्वज्ञाचं गाव. नाट्यगृह पंधरा हजार माणसांचं, अगदी वरपर्यंत चढून जा. पश्चिमेला सपाट शेतात एक टेकाड दिसेल, ते म्हणजे लादे बेट. इ.स.पू. ४९४ मध्ये त्याच्याजवळ इराण्यांनी आयोनियन (म्हणजे या किनाऱ्यावरच्या) ग्रीकांच्या आरमाराचा पराभव केला. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस ग्रीकांची जहाजं ३५३ सांगतो. आरमारी लढाईची जागा आणि भोवती नांगरलेली जमीन! या शहराचं बाजाराचं भव्य प्रवेशद्वार मात्र इथे शोधू नका, ते उचलून बर्लिनला नेलंय.

मिलेटसहून जुना पवित्र मार्ग दिदिमाला जायचा, अपोलोच्या कौलाला. तिथलं देऊळ इ.स.पू. ३०० च्या सुमारास नव्याने बांधायला घेतलं, शतकांमागून शतकं काम चाललं आणि शेवटी अर्धवटच राहिलं. योजना १२२ खांबांची होती, आज पूर्ण उंचीचे तीन उभे आहेत. गाइड लोक तुम्हाला मेड्युसाच्या, म्हणजे केसांच्या जागी साप असलेल्या राक्षसीच्या, शिल्पापाशी नेतात, फोटो काढतात आणि चला म्हणतात. तुम्ही आतल्या अंगणात उतरा. त्याच्या भिंतींवर बारीक कोरलेल्या रेघा आहेत. १९७९ मध्ये लोथर हाझेलबर्गर या जर्मन अभ्यासकाच्या त्या लक्षात आल्या. बांधणाऱ्यांनी तिथेच कोरलेले ते नकाशे! एका आकृतीत खांबाची जाडी पूर्ण मापात आहे आणि उंची सोळापट कमी, म्हणजे ग्रीक खांबाला मध्ये असतो तो हलका फुगवटा हिशेबात धरता यावा. काम पुरं झालं असतं तर भिंती शेवटी घासून गुळगुळीत केल्या असत्या आणि या रेघा गेल्या असत्या. ऊन तिरपं असेल तरच काही दिसण्याची आशा, म्हणून भर दुपारी जाऊ नका.

आता एफेसस. सकाळी उघडता उघडता, वरच्या दरवाजाने शिरा, म्हणजे उतार आपल्या बाजूने. सेल्सस या रोमन अधिकाऱ्याच्या नावाच्या ग्रंथालयाची दर्शनी भिंत ऑस्ट्रियन पुरातत्त्वज्ञांनी १९७० च्या दशकात उभी केली. तिच्यामागे, तळघरात, खुद्द सेल्सस पुरलेला आहे. मोठ्या नाट्यगृहापासून निघणारा रुंद रस्ता बंदराकडे जायचा आणि त्यावर रात्री दिवे लागायचे. आता त्याच्या टोकाला दलदल आणि झुडपं. प्रिएनेहून आलात तर त्याचं कारण मी सांगायला नको. आर्टेमिसचं देऊळ, जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक, जवळच आहे, पण तिथे एकच खांब उरलाय, तोही जुने तुकडे रचून उभा केलेला. दहा मिनिटं पुरे.

यात पामुक्कले, ते पांढऱ्या चुन्याच्या पायऱ्यांचं ठिकाण, बसवता येईल का, असं एकांनी चिठ्ठीत विचारलंय. एका बाजूचा प्रवासच तीनेक तासांचा आहे. सुंदर आहे, नाही म्हणत नाही. पण हाताशी दोनच दिवस असतील तर एक एफेससला द्या आणि दुसरा प्रिएने, मिलेटस, दिदिमाला.