हेंड्रिक्सच्या तारेखालचा टेलिफोन

(दृश्य: सोलापूर, पूर्व भाग. बाहेर यंत्रमागांचा खडखडाट. टेबलावर डायलचा काळा फोन.)

जुना डायलचा फोन उघडून दुरुस्त करायचा आणि त्याच्या रिसीव्हरवर गिटारची तार वाजवून बघायची, तर आधी वायर भिंतीतून काढा. लाइनवर एरवी पन्नासेक व्होल्टच असतात, पण मध्येच कुणाचा फोन आला तर घंटीचे ७५ व्होल्ट एसी बोटांतून जातात. जीव जात नाही, स्क्रू ड्रायव्हर मात्र हातातून उडतो.

आता रिसीव्हर घ्या. कानाकडचं झाकण आट्यांचं असतं. चाळीस-पन्नास वर्षांत ते घट्ट बसलेलं असतं, म्हणून पक्कड लावायची नाही. बेकलाइट हे जुनं कडक प्लास्टिक वाकत नाही, थेट तडकतं. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळायचा आणि हातानंच फिरवायचं. आत लोखंडाचा पातळ गोल पडदा चुंबकाला चिकटून बसलेला दिसेल. तो नखानं उचलला तर वाकतो आणि मग आवाज कायमचा चिरका होतो. बाजूला सरकवत काढायचा. नंतरच्या मॉडेलांत हे सगळं एका सीलबंद डबीत असतं, ती उघडण्याच्या फंदात पडू नये.

(दृश्य: पडद्याखालचा चुंबक आणि दोन कॉइली, अगदी जवळून.)

चुंबक, त्याभोवती तांब्याची तार, समोर हलणारं लोखंड. कॉइलीतून बोलण्याचा प्रवाह गेला की पडदा थरथरतो आणि आवाज ऐकू येतो. १८७६ साली ग्रॅहम बेलला पेटंट मिळालं, त्यामागचं तत्त्व हेच. आणि ते उलटंही चालतं. लोखंड हलवा, कॉइलीत वीज उमटते. पडद्याच्या जागी पोलादी तार ताणली की झालं गिटारचं पिकअप, म्हणजे तारेच्या थरथरीची वीज करणारा भाग!

लेस पॉल या अमेरिकन गिटारवादकानं पोरवयात हेच केलं होतं. रेल्वेच्या रुळाचा तुकडा, त्यावर ताणलेली तार आणि तारेखाली टेलिफोनचा रिसीव्हर. पुढं त्याच्या नावाची गिटार १९५२ साली बाजारात आली.

आपला माणूस मात्र रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स. जन्म सिएटलचा, १९४२. गेला १९७० साली लंडनमध्ये, सत्ताविसाव्या वर्षी. तो डावखुरा होता, पण उजव्या हाताची स्ट्रॅटोकॅस्टर ही इलेक्ट्रिक गिटार उलटी धरून, तारा पुन्हा क्रमानं लावून वाजवायचा. या गिटारचं ब्रिजजवळचं, म्हणजे तारा खाली जिथं टेकतात तिथलं, पिकअप तिरकं बसवलेलं असतं. सरळ धरली तर बारीक तारांकडचं टोक ब्रिजच्या जवळ येतं. उलटी धरली की जाड तारांकडचं टोक जवळ येतं, म्हणून खालचे सूर घट्ट आणि वरचे जरा गोल लागतात. १८ ऑगस्ट १९६९ च्या सकाळी अमेरिकेतल्या वुडस्टॉक संगीत महोत्सवात वाजली ती पांढरी स्ट्रॅटोकॅस्टर अशीच उलटी होती.

त्या काळात आपल्याकडं परगावी बोलायचं म्हणजे ट्रंक कॉल बुक करून ताटकळत बसायचं. थेट डायल करायची एसटीडी सोय देशात १९६० साली कानपूर-लखनौपासून सुरू झाली होती, पण ती गावोगाव पोचायला वर्षं लागली.

(दृश्य: डायल फिरते, सुटते.)

डायल फिरवताना काही घडत नाही, घडतं ते परत येताना. प्रत्येक अंकाला तितक्या वेळा लाइन तुटते, सेकंदाला दहा वेळा. शून्याला दहा ठोके. म्हणून सोलापूरचा ०२१७ लावताना पहिल्याच अंकाला सगळ्यात जास्त वेळ लागतो. शून्य सोडल्यावर डायल सेकंदाभरात जागेवर यायला हवी. दीड सेकंद लागला तर राँग नंबर ठरलेला. इथल्या फोनांत कारण बहुतेक एकच सापडतं: सुकलेलं तेल आणि त्यात अडकलेलं मागावरचं तूस. ब्रशनं झाडायचं आणि शिलाई मशीनच्या तेलाचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब फक्त गव्हर्नरच्या, म्हणजे डायलचा वेग आवरणाऱ्या भागाच्या, आसाला द्यायचा. त्याच्या ब्रेकला तेल लागलं तर डायल सुसाट सुटते. गंज काढायचा स्प्रे तर नकोच, आठवड्यात दुप्पट तूस धरतो.

फोन ठेवलेला असूनही लाइन एंगेज लागत असेल तर घंटीच्या जोडीचा कपॅसिटर बघा. तो गळका झाला की एक्स्चेंजला वाटतं रिसीव्हर उचललेलाच आहे. आणि फायबरच्या जोडणीवरून फोन येतात पण लावता येत नाहीत, यात बिचाऱ्या फोनचा दोष नाही. पुष्कळ नवे डबे हे ठोके ओळखतच नाहीत. मध्ये या ठोक्यांचे, म्हणजे पल्सचे, टोन करणारं छोटं सर्किट बसवावं लागतं.

आता गिटारचं पिकअप. ते जळालं तर मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात भरून मिळू शकतं, पण इथं हमखास घोटाळा होतो. परदेशी पुस्तकांत ४२ गेजची तार लिहिलेली असते, ती अमेरिकन मापानं: ०.०६३ मिलिमीटर, केसाएवढी. आपल्या दुकानात ४२ मागितली तर एसडब्ल्यूजी या ब्रिटिश मापाची मिळते, ०.१ मिलिमीटरची. आठ हजारांच्या आसपास वेढे घालायचे असतात आणि बॉबिन, म्हणजे तारेचं रीळ, निम्म्यातच भरून जातं. मागायची ४६. मीटरवर सहा हजार ओहमच्या जवळपास रीडिंग आलं की काम जमलं. मग पातळ केलेल्या मेणात बुडवायचं, नाहीतर सैल वेढे स्वतःच थरथरतात आणि आवाज वाढवला की शिट्टी येते. मेण ६५ अंशांवर ठेवायचं. फार तापलं की प्लास्टिकचं बॉबिन वाकतं.

(दृश्य: रिसीव्हर जाड तारेखाली ठेवलेला, वायर ॲम्प्लिफायरकडे.)

टेलिफोनच्या कॉइलीचा रोध गिटारच्या मानानं फारच कमी, त्यामुळं आवाज क्षीण येतो. गिटारच्या नाही, माइकच्या सॉकेटला जोडा. तार पोलादीच हवी, नायलॉनवर शांतता.

याच वाद्याचा सूर फोनच्या लाइनवरून ऐकवला तर गंमत होते. लाइनवर ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच नीट जातं. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झची. सहापैकी पाच मोकळ्या तारांचा मूळ सूर ३०० च्या खालीच राहतो. तरी कान वरच्या सुरांवरून तो भरून काढतो, आणि ऐकणारा म्हणतो, गिटार आहे.

(दृश्य: स्ट्रॅटोकॅस्टर ॲम्प्लिफायरला जोडलेली. कुणी वाजवत नाही, तरी स्पीकरमधून घरघर.)

ही घरघर शेजारच्या मागांच्या मोटरींची आणि वायरिंगची. आपल्याकडं ५० हर्ट्झ, हेंड्रिक्सच्या अमेरिकेत ६०. गिटार घेऊन जागेवरच पाव वळण फिरा. एका कोनात ती जवळजवळ विरते. तिथंच उभं राहून वाजवायचं.